कास्टिंग तपासणीतील एआय आणि कौशल्यांचा तुटवडा : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

आपल्या चाकणच्या कारखान्यात ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या (साच्यात, म्हणजे डायमध्ये, वितळलेला धातू दाबाने भरून बनवलेल्या भागांच्या) अंतिम तपासणीत कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल वापरण्याचा प्रकल्प आजपासून अधिकृतपणे सुरू झाला. हा निर्णय वर्षाच्या सुरुवातीलाच झाला होता, परंतु हे काम जाणणारी माणसे आपल्याकडे नाहीत, या एका कारणाने तो कागदावर राहिला होता. मनुष्यबळ विभागाने 'डेटा सायंटिस्ट' पदासाठी जाहिरात दिली, मुलाखती घेतल्या, आणि पसंतीस उतरलेल्या उमेदवारांनी शेवटी पुण्यातील हिंजवडी किंवा खराडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांची वाट धरली. त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. तिथे पगार जास्त आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांच्याकडून शिकता येईल असे सहकारी तिथे आहेत. चाकणच्या एका कारखान्यात एकट्याने बसणाऱ्या तज्ज्ञाला ती सोबत मिळत नाही.

जागतिक आर्थिक मंचाच्या जानेवारी २०२५ मधील अहवालानुसार, २०३० पर्यंतच्या बदलांतील मोठा अडथळा म्हणून ६३ टक्के कंपन्यांनी कौशल्यांच्या दरीकडे बोट दाखवले आहे. त्याच अहवालात असेही म्हटले आहे की, जगातील कामगारांची संख्या १०० धरली, तर त्यांपैकी ५९ जणांना २०३० पर्यंत नव्याने प्रशिक्षण लागेल. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. इतकी मोठी दरी बाजारातून माणसे उचलून भरत नाही. एका कंपनीने माणूस उचलला की दुसरीकडे तेवढीच जागा रिकामी होते. म्हणून या प्रकल्पात बाहेरून भरती हा शेवटचा मार्ग ठेवावा, आणि आधी आपल्याच माणसांमध्ये काय आहे ते पाहावे, अशी लेखी शिफारस मी आज व्यवस्थापनाकडे दिली.

१७ जून २०२५

आजचा पूर्ण दिवस एकाच कामात गेला : जाहिरातीतील त्या एका पदाचे प्रत्यक्ष कामांत विभाजन करणे. जाहिरातीत जे एका माणसाकडून अपेक्षित होते, ते वास्तविक पाच-सहा वेगळ्या माणसांचे काम आहे. कोणता दोष ग्राहकाला चालतो आणि कोणता चालत नाही हे ठरवणे; प्रकाश आणि कॅमेरा यांची मांडणी करणे; छायाचित्रांवर दोषांच्या खुणा करणे; मॉडेलला प्रशिक्षण देणे; त्याचा निकाल विश्वासार्ह आहे का हे तपासणे; पीएलसीशी (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाशी) जोडणी करून नाकारलेला भाग लाइनवरून बाजूला काढणे; आणि सहा महिन्यांनी डाय बदलला किंवा वंगण बदलले तर मॉडेल अजून बरोबर चालते का यावर लक्ष ठेवणे.

या यादीतील मॉडेलला प्रशिक्षण देण्याचे काम आज सर्वांत कमी दुर्मीळ आहे, हे माझ्या सहकाऱ्यांना पटवण्यास वेळ लागला. ॲनोमॅलिबसारखे मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही मोफत वापरता येणारे, तयार प्रोग्रामसंच उपलब्ध आहेत, ज्यांत केवळ निर्दोष भागांच्या छायाचित्रांवरून दोष ओळखणाऱ्या पद्धती तयार मिळतात; मोठ्या छायाचित्रसंग्रहांवर आधीच शिकलेली मॉडेल आपल्या कामापुरती जुळवून घेता येतात. ज्याला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येते आणि जो मन लावून शिकेल, अशा अभियंत्याला हा भाग काही महिन्यांत हाताळता येतो. याउलट कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह थंड झाल्याने नीट एकजीव न झाल्याचा दोष) आणि पृष्ठभागावरील प्रवाहाची साधी खूण यांतील फरक सांगणारी नजर कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही, आणि ती आपल्या अंतिम तपासणीच्या टेबलांवर रोज तिन्ही पाळ्यांत बसलेली आहे.

३० जून २०२५

गटाची निवड झाली. अंतिम तपासणीतील दोन ज्येष्ठ तपासनीस, देखभाल विभागातील पीएलसी जाणणारा एक तंत्रज्ञ, गुणवत्ता विभागातील एक अभियंता, आणि ईआरपीचे (कंपनीच्या व्यवहारांच्या संगणक प्रणालीचे) अहवाल स्वतः लिहिणारी आयटी विभागातील एक सहकारी. निवडीत पदवीला महत्त्व दिले नाही. ज्यांनी आजवर कायझेनमध्ये (सततच्या लहान सुधारणांच्या उपक्रमात) किंवा क्वालिटी सर्कलमध्ये (गुणवत्तेचे प्रश्न सोडवणाऱ्या कामगारांच्या गटात) एखादा प्रश्न हातात घेऊन तडीस नेला, त्यांना प्राधान्य दिले. क्वालिटी सर्कलमध्ये काम केलेला कामगार आकडे नोंदवणे, कारणांचा माग काढणे आणि उपाय लागू पडला का ते पुन्हा मोजणे या तिन्ही गोष्टी करून आलेला असतो. एआयच्या कामालाही याच शिस्तीची गरज असते.

कामगार संघटनेच्या प्रतिनिधींशीही आज सविस्तर चर्चा झाली. त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता : कॅमेरा आल्यावर तपासनीसांचे काय? या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्याला आपली नोकरी जाण्याची भीती आहे, तो आपले ज्ञान यंत्राला मनापासून देणार नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. प्रकल्पामुळे कोणत्याही कायम तपासनीसाची नोकरी जाणार नाही आणि मोकळे होणारे तास प्रक्रियेतील तपासणीकडे वळवले जातील, असे पत्र व्यवस्थापनाने द्यावे, ही अट मी प्रकल्पाच्या आराखड्यात घातली. ती मान्य झाली. माझ्या दृष्टीने या महिन्यातील हेच सर्वांत मोठे काम होय.

१४ जुलै २०२५

वेळेचा प्रश्न. प्रशिक्षणाचे पैसे मंजूर करणे कंपन्यांना तुलनेने सोपे जाते, पण तास मंजूर करणे फार जड जाते. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. सॉफ्टवेअर उद्योगाची संघटना नॅसकॉम आणि केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय यांचा फ्यूचरस्किल्स प्राइम हा उपक्रमही आहे. हेलसिंकी विद्यापीठाने २०१८ मध्ये सुरू केलेला 'एलिमेंट्स ऑफ एआय' हा प्राथमिक अभ्यासक्रम कोणालाही मोफत करता येतो, आणि देशातील एक टक्का लोकांना एआयची तोंडओळख करून द्यावी, असे त्यामागचे फिनलंडमधील पहिले उद्दिष्ट होते. शिकण्याच्या साहित्याची टंचाई आज नाही. पूर्ण पाळीनंतर कंपनीच्या बसमधून घरी पोहोचलेल्या माणसाने रात्री जागून ते साहित्य पाहावे, ही अपेक्षा मात्र व्यवहार्य नाही, आणि अनेक कंपन्यांचे प्रशिक्षण नेमके याच अपेक्षेवर उभे असते.

म्हणून असे ठरले : गटातील प्रत्येकाला आठवड्यातून एक पूर्ण पाळी या कामासाठी मोकळी मिळेल, त्या पाळीसाठी बदली माणूस उत्पादन नियोजनातच दाखवला जाईल, आणि महिनाअखेरीच्या पाठवणीच्या घाईतही ती पाळी रद्द होणार नाही. आपल्याकडील गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला प्रशिक्षणासाठी हात लावायचा नाही, हेही लेखी घेतले.

४ ऑगस्ट २०२५

या नोंदीत थोडे सविस्तर लिहितो, कारण ज्या वर्गाची मला सर्वाधिक काळजी होती तो आज झाला. विषय होता मॉडेलचा निकाल कसा तपासायचा. गणिताने सुरुवात केली असती तर तपासनीस मागे सरले असते. आम्ही सुरुवात एमएसएने, म्हणजे मापनप्रणालीच्या विश्लेषणाने केली, कारण आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक) प्रमाणित कारखान्यात ते सर्वांना करावेच लागते. गटातील दोन्ही तपासनीस अनेक वर्षे या अभ्यासात सहभागी झालेले आहेत : ठरावीक भाग घ्यायचे, त्यांत काही चांगले, काही दोषी आणि काही सीमारेषेवरचे ठेवायचे, तीन तपासनीसांनी ते प्रत्येकी तीनदा, आधीचे उत्तर न पाहता तपासायचे, आणि मग कोणाचे उत्तर स्वतःशी, इतरांशी आणि संदर्भाशी किती जुळते ते काढायचे.

एआयएजी या अमेरिकेतील वाहन उद्योग संघटनेच्या एमएसए पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत यासाठी मर्यादा दिल्या आहेत. तपासनीसाची परिणामकारकता ९० टक्के किंवा अधिक, दोषी भाग सुटून जाण्याचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत आणि चांगला भाग विनाकारण नाकारण्याचे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असेल तर तो स्वीकारार्ह मानला जातो. जुळणी मोजणारा 'कॅपा' (kappa) हा अंक ०.७५ च्या वर असेल तर जुळणी चांगली आणि ०.४० च्या खाली असेल तर वाईट. मॉडेलच्या बाबतीत हेच करायचे आहे. मॉडेल हा चौथा तपासनीस आहे असे समजून त्याला त्याच ट्रेमधील भाग दाखवायचे आणि त्याच तक्त्यात त्याचे उत्तर लिहायचे. पुस्तकांत ज्याला प्रिसिजन (दोषी ठरवलेल्यांपैकी खरोखर दोषी किती), रिकॉल (खऱ्या दोषींपैकी पकडले किती) आणि कन्फ्यूजन मॅट्रिक्स (बरोबर-चूक उत्तरांचा तक्ता) म्हणतात, त्या कल्पना या तक्त्यावर अर्ध्या तासात सर्वांच्या हाती आल्या.

नंतर एक प्रश्न फळ्यावर लिहिला. शंभर भागांत दोन दोषी असतील आणि एखादा पुरवठादार '९८ टक्के अचूक' मॉडेल घेऊन आला, तर त्यावर विश्वास ठेवाल का? ज्येष्ठ तपासनीस ताईंनी लगेच सांगितले की, काहीही न पाहता प्रत्येक भागावर ओकेचा शिक्का मारला तरी ९८ टक्केच येतील. त्याने ते दोन भाग पकडले का, एवढे सांगा. हा प्रश्न विचारता येणे हे माझ्या मते कारखान्यात लागणारे सर्वांत मोलाचे एआय कौशल्य आहे. त्या ताईंकडे ते आधीपासून होते, परंतु कंपनीच्या कौशल्य तक्त्यात त्याची कुठेही नोंद नव्हती. तुटवड्याचा हिशेब करताना आपण काय मोजत नाही, हे यातून दिसते. गुणवत्ता विभागातील कौशल्य तक्त्यात या क्षमतेचा स्वतंत्र रकाना आजच जोडून घेतला.

२२ ऑगस्ट २०२५

छायाचित्रांवर खुणा करण्याचे काम सुरू आहे. सीव्हॅट ही छायाचित्रांवर खुणा करण्याची मुक्त स्रोत प्रणाली कारखान्यातील सर्व्हरवर बसवली आहे, त्यामुळे ग्राहकाच्या भागांची छायाचित्रे बाहेर जात नाहीत. दोन्ही तपासनीसांनी एकाच संचावर स्वतंत्रपणे खुणा केल्या, आणि ब्लो होलच्या (अडकलेल्या वायूमुळे पडलेल्या पोकळीच्या) बाबतीत त्यांची उत्तरे जुळली, परंतु फ्लॅश (साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेला पातळ धातू) आणि कोल्ड शट यांत बरीच तफावत निघाली. तफावतीचे मूळ शोधताना असे दिसले की, लिमिट सॅम्पलचा (दोष कुठवर चालतो ते दाखवणाऱ्या नमुन्यांचा) फलक जुन्या आवृत्तीच्या ड्रॉइंगनुसार लावलेला होता आणि दोन पाळ्यांनी त्याचा वेगवेगळा अर्थ लावला होता.

एआयचे नामवंत संशोधक अँड्र्यू एंग यांनी मार्च २०२१ मधील एका व्याख्यानात पोलादी पत्र्यावरील दोष ओळखण्याचे उदाहरण दिले होते. तेथील मूळ अचूकता ७६.२ टक्के होती. केवळ मॉडेल बदलत राहिल्याने ती वाढली नाही, पण डेटा आणि त्यावरील खुणा सुसंगत केल्यावर ती ९३.१ टक्क्यांवर गेली. आपल्याकडे त्याच वाटेने जायचे आहे. पुढील दोन आठवडे मॉडेलला हात न लावता फक्त दोषांची व्याख्या निश्चित करावी, ग्राहकाच्या गुणवत्ता प्रतिनिधीची त्यावर सही घ्यावी आणि नवा फलक तिन्ही पाळ्यांत लावावा, असे ठरले. व्यवस्थापनाला हा विलंब वाटतो. माझ्या मते या कामाचा फायदा मॉडेल आले नाही तरी होईल, आणि म्हणूनच ते आधी झाले पाहिजे.

९ सप्टेंबर २०२५

गणेशोत्सव आटोपून गट पुन्हा पूर्ण संख्येने कामाला लागला.

आज शिकाऊ उमेदवारांचा विषय घेतला. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्याखालील २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. आपण ते घेतो, पण बहुतेकांना लाइनवर उभे करतो आणि वर्षअखेरीस ते निघून जातात. या वर्षी त्यांतील काही जागा एआय आणि स्वयंचलन यांसाठी राखून ठेवाव्यात, असा प्रस्ताव दिला. पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी नॅट्स, तर आयटीआय उत्तीर्णांसाठी नॅप्स या योजनांतून विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलते. आयटीआयमध्ये आता 'एआय प्रोग्रामिंग असिस्टंट' हा व्यवसाय अभ्यासक्रमही आहे. पुण्यातच सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची एआयमधील पदव्युत्तर पदविका आहे, जी सुमारे सहा महिन्यांची असते. तेथून बाहेर पडणाऱ्यांपैकी एखाद्याला खऱ्या कास्टिंगवर काम करायची संधी दिली, तर पगारातील तफावत काही अंशी भरून निघेल, अशी आशा आहे.

सिंगापूरचा अनुभव येथे उपयोगी आहे. एआय सिंगापूर या राष्ट्रीय कार्यक्रमाला २०१७ नंतर उद्योगांचे प्रश्न हाती घेताना अभियंते मिळेनात, तेव्हा त्यांनी स्वतःचा शिकाऊ अभियंता कार्यक्रम उभारला. सुरुवातीचा नऊ महिन्यांचा कालावधी असा आखला होता की, वर्गातील शिक्षण थोडे आणि प्रत्यक्ष कंपनीच्या प्रकल्पावरील काम जास्त. प्रवेशासाठी अमुक शाखेची पदवी हवीच, असा आग्रह त्यांनी धरला नाही. आधी स्वतः शिकून आलेल्यांना घेतले. आपल्या प्रमाणात हेच करायचे आहे, फक्त प्रकल्प आपला आणि मार्गदर्शक आपल्याच गटातील.

२९ सप्टेंबर २०२५

कार्यालयीन विभागांकडून मागणी आली आहे की, त्यांनाही प्रशिक्षण हवे. खरेदी, हिशेब आणि विक्री या विभागांत चॅटबॉटचा वापर आधीच सुरू झालेला आहे. पत्रांचे मसुदे, कोटेशनची तुलना आणि ८डी अहवालांचे (ग्राहकाच्या तक्रारीवरील आठ टप्प्यांच्या अहवालांचे) इंग्रजी सुधारणे, यांसाठी माणसे तो आपापल्या फोनवर करतात. बंदी घातली तर वापर थांबणार नाही, फक्त दिसेनासा होईल. म्हणून कंपनीने मान्य केलेले एक साधन, दोन तासांचा मराठीतून वर्ग आणि एका पानाचा नियम, अशी रचना केली : ग्राहकाचे ड्रॉइंग, किमती आणि कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती बाहेरच्या साधनात टाकायची नाही, आणि साधनाने दिलेला प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहायचा.

युरोपीय संघाच्या एआय कायद्याचे चौथे कलम २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाले. त्यानुसार एआय प्रणाली पुरवणाऱ्या आणि वापरणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांना त्याची पुरेशी जाण राहील याची काळजी घ्यायची आहे. चाकणमधील तपासणीला तो कायदा थेट लागू होत नाही, परंतु आपले भाग जिथे जातात तिथल्या ग्राहकांची विचारपद्धती त्यातून कळते. पुरवठादारांच्या लेखापरीक्षणात हा प्रश्न आज ना उद्या येईल, तेव्हा प्रशिक्षणाच्या नोंदी आयएटीएफच्या कलम ७.२ खालीच ठेवायला सुरुवात केली.

२७ ऑक्टोबर २०२५

दिवाळीच्या सुट्टीनंतर लाइन क्रमांक दोनवर चाचणी सुरू झाली. निर्णय अजून माणसाचाच आहे. मॉडेल फक्त आपले मत नोंदवते आणि दोन्ही निकाल शेजारी साठवले जातात. पहिल्याच पाळीत चकाकणाऱ्या पृष्ठभागावरील प्रकाशामुळे खोटे नकार फार आले. देखभाल विभागातील तंत्रज्ञाने दिव्याचा कोन बदलला, विसरक (प्रकाश पसरवणारा पडदा) लावला आणि कॅमेऱ्याभोवती आडोसा उभारला. त्यानंतर नकार लक्षणीय कमी झाले. बाहेरच्या सल्लागाराला बोलावले असते, तर त्याने बहुधा अधिक छायाचित्रे मागितली असती.

बाहेरची मदत अजिबात घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. मॉडेल सर्व्हरवर चालवणे आणि त्याच्या आवृत्त्या सांभाळणे यासाठी एका लहान सेवा पुरवठादाराशी करार केला आहे. करारात तीन गोष्टी मुद्दाम घातल्या : प्रत्येक काम आपल्या माणसाला शेजारी बसवून करायचे, डेटा आणि प्रशिक्षित मॉडेल यांची मालकी आपली राहील, आणि शेवटचा हप्ता आपल्या गटाने कोणाच्याही मदतीशिवाय मॉडेलला एकदा पुन्हा प्रशिक्षण देऊन दाखवल्यावरच मिळेल. पुरवठादाराने तिसरी अट आधी नाकारली आणि चर्चेनंतर स्वीकारली.

१८ नोव्हेंबर २०२५

आजच्या आढाव्यात 'शिकवलेली माणसे सोडून गेली तर?' हा प्रश्न वित्त विभागाने मांडला. तो रास्त आहे. त्यावर बंधपत्राचा, म्हणजे बाँडचा प्रस्तावही आला. मी त्याला विरोध केला. बाँडने माणूस अडकतो, पण त्याचे मन कामात राहत नाही, आणि पुढच्या तुकडीत चांगली माणसे नाव देण्यास कचरतात. माणसे का सोडून जातात हे पाहिले, तर उत्तर बहुतेक वेळा समोरच असते : नवे काम आले, जबाबदारी वाढली, परंतु पद आणि वेतनश्रेणी जुनीच राहिली.

संघटनेशी पुढील वेतनकरार होईल तेव्हा त्यात 'डेटा व दृश्य तपासणी तंत्रज्ञ' अशी श्रेणी असावी, तोपर्यंत गटाला कौशल्यभत्ता मिळावा, आणि तपासनीसालाही त्या श्रेणीत पदवीशिवाय जाता यावे, असा प्रस्ताव दिला. कौशल्यभत्ता मंजूर झाला. श्रेणीचा निर्णय वाटाघाटीवर सोडला आहे, आणि त्यासाठी मी आग्रह धरत राहणार आहे, कारण ती झाली नाही तर उरलेले सर्व काम टिकणार नाही.

८ डिसेंबर २०२५

मॉडेलचा औपचारिक एमएसए अभ्यास आज पूर्ण झाला. सुटून जाणाऱ्या दोषांचे प्रमाण ब्लो होल आणि फ्लॅशसाठी पुस्तिकेच्या मर्यादेत आहे; कोल्ड शटसाठी नाही. त्यामुळे पहिल्या दोन दोषांसाठी मॉडेलचा निकाल जानेवारीपासून लाइनवर ग्राह्य धरायचा आणि कोल्ड शटची तपासणी पूर्वीप्रमाणे माणसांकडेच ठेवायची, असा निर्णय झाला. अहवालावर गुणवत्ता अभियंत्याबरोबर दोन्ही तपासनीसांच्या सह्या आहेत, आणि ग्राहकाला पाठवल्या जाणाऱ्या प्रतीतही त्या तशाच राहतील.

दुसऱ्या तुकडीसाठी पहिल्या गटातील प्रत्येकाने एक माणूस सुचवायचा आहे. ज्येष्ठ तपासनीस ताईंनी रात्रपाळीतील एका सहकाऱ्याचे नाव दिले आहे. त्याच्या बदली माणसाची सोय जानेवारीच्या उत्पादन नियोजनात दाखवण्यासाठी नियोजन विभागाला आज पत्र दिले. कोल्ड शटची नवी छायाचित्रे डायच्या तापमानाच्या नोंदींसह साठवायला सोमवारपासून सुरुवात होईल.